तोफेच्या पितळेचा कलश

तोफ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे किल्ल्याचा बुरूज येतो आणि सहलीची पोरं जिच्यावर घोड्यासारखी बसून फोटो काढतात ती गंजकी तोफ येते. माझ्या डोळ्यांपुढे चिंचेचा कोळ येतो, आणि जयनगरच्या आमच्या घरामागच्या नळाशी पाटावर बसून पितळ घासणारी अम्मा. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. गणित सोडवताना आधी काय दिलं आहे ते मांडायचं असतं, म्हणून तेवढं मांडून घेते.

आम्ही घरात तिघं. अम्मा, माझा थोरला भाऊ अण्णा आणि मी. वडील मी शाळेत असतानाच गेले. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते इकडचंच झालं. घरात मराठी बोलायचो, पण तिच्यात कानडी इतकं मुरलेलं की पुण्याची एखादी पाहुणी आली की आधी हसायची आणि मग आम्हाला राग आला की काय म्हणून चहा निमूट प्यायची. मला राग यायचाच. मी तो लपवायची नाही.

चौथा माणूस बेळगावकडचा. पन्नासच्या दशकात शिकायला म्हणून बंगळूरला आला, अण्णाच्या वर्गात बसला, कुठेशी खोली घेऊन राहिला आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायला लागला. पुढे रविवार आठवड्यातून तीन-चारदा यायला लागले. अम्माला तो काकू म्हणायचा. पहिल्या दिवशी जेवून उठताना तिला म्हणाला, "काकू, स्वयंपाक लई झकास. भाषा तेवढी कळली नाही." अम्मा जी हसली ती थांबेना. मी मात्र ताटं उचलताना मुद्दाम आदळली. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. घरात ते कोणी घेत नाही, आणि इतक्या वर्षांनी कागदावर उतरवून काय मिळवायचं आहे?

दोघं मित्र बरोबरच फौजेत गेले आणि दोघंही तोफखान्यात पडले. अण्णा आधीपासून नकाशे, हिशोब, पट्ट्या यांत रमणारा. त्याला तोफांपाशी ठेवलं. याची नजर चांगली आणि पाय हलके, त्याला पुढे पाठवलं. हे पुढे आणि मागे काय असतं ते मला लालबागेत कळलं.

दोघं एकदम सुट्टीवर आले होते. लालबागेत तो मोठा काळा खडक आहे, त्याच्या माथ्यावर जुनं गोपुर आहे. तेव्हा तिथून चहूकडे नुसती झाडं आणि कौलं दिसायची. आम्ही तिघं संध्याकाळी फिरायला गेलो होतो. मी सहज म्हणाले की पेपरात विमानं आणि रणगाड्यांचे फोटो येतात, तुमच्या तोफांचा कधीच येत नाही, तुम्ही नक्की काय करता? अण्णा लागला व्याख्यान द्यायला. लढाई रणगाडे आणि विमानं जिंकतात असं लोकांना वाटतं, पण ज्यांना जमीन धरून बसायचं असतं ते पायदळवाले तोफांच्या जिवावर बसतात, वगैरे. हा मध्येच म्हणाला, "दाखवूच की."

त्यानं अण्णाला खडकाच्या एका उतरणीमागे, खालच्या अंगाला उभं केलं. अण्णाच्या हातात खडे. उतरणीच्या पलीकडे खडकाच्या खळग्यात पाण्याचं एक डबकं साचलं होतं. ते अण्णाला दिसत नव्हतं. हा वर गोपुरापाशी गेला, त्याला सगळं दिसत होतं. मला मधे उभं केलं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"तू तार. मी सांगीन ते त्याला सांगायचं. तारेनं अक्कल चालवायची नाही."

अण्णानं पहिला खडा डोक्यावरून पलीकडे भिरकावला. वरून आवाज आला, "जास्त. कमी कर." मी खाली ओरडले, "जास्त. कमी कर." दुसरा खडा. "आता कमी पडला. निम्म्यानं वाढव." मग डावीकडे, मग पुन्हा थोडा उजवीकडे. जास्त आणि कमी यांच्या मधे पकडून दर वेळी निम्मं करत जायचं. मला गंमत वाटली. वर्गात मी हेच शिकवायची, फक्त माझ्याकडे डबकं नव्हतं. चार-सहा खड्यांत पाण्यात डुबुक आवाज आला आणि वर हा दोन्ही हात उंच करून नाचला.

ज्याला दिसतं तो मारत नाही आणि जो मारतो त्याला दिसत नाही. सगळा आधुनिक तोफखाना एवढ्यावर उभा आहे. जुन्या काळचा गोलंदाज वात लावायचा आणि समोरचा बुरूज पडताना बघायचा. आताचा गोलंदाज कित्येक मैल मागे एखाद्या शेतात उभा असतो, कानाला वायरलेसचा सेट लावून. त्याच्या दृष्टीनं शत्रू म्हणजे आकडे. पुढचा माणूस सांगतो, मागचा आकडे फिरवतो. मला ते फार नीटस वाटलं होतं. मी तसं बोललेही.

अण्णा मात्र स्वभावानं शंकेखोर. मधेच खडा हातात धरून थांबला आणि ओरडला, "तिथं कोण माणूसबिणूस नाही ना? विचार त्याला." मी विचारलं. वरून उत्तर आलं, "फेकणाऱ्यानं विचारायचं नसतं. मी बघतोय ना." मी ते जसंच्या तसं खाली पोचवलं. अण्णानं तोंड वाकडं केलं आणि खडा टाकला. मग बागेचा रखवालदार काठी आपटत आला आणि दोन फौजी अधिकारी आणि एक मास्तरीण तिथून पळून आले.

त्यानंतर तो खेळ आमच्या घरात बोलण्यात शिरला. वाढताना अम्मा विचारायची, "अजून भात?" आणि हा म्हणायचा, "कमी पडलाय काकू, निम्म्यानं वाढवा." मी त्याला एखादी गोष्ट खोदून विचारली की गोपुरापासचं तेच ठरलेलं उत्तर यायचं, विचारायचं नसतं.

पासष्टच्या उन्हाळ्यात आमचा साखरपुडा झाला. एवढी वर्षं मी त्याला अरेतुरे करायची, आता अहो म्हण असं अम्मानं बजावलं. मी एकदा म्हणून पाहिलं. तो इतका हसला की मी पुन्हा म्हटलं नाही. लग्न थंडीत करायचं ठरलं. अम्मानं रुखवतासाठी चंदनी लाकडाची राजा-राणीची जोडी आणली. इकडे मुलीला लग्नात ती बाहुल्यांची जोडी देतात, आणि दर दसऱ्याला ती घरच्या बाहुल्यांच्या पायऱ्यांवर मांडतात. आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांनीही ही रीत कधीच उचलली होती. जोडी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

मग लढाई लागली. बंगळूर तिच्यापासून लांब. लोक चौकात रेडिओभोवती जमायचे, शाळेत आम्ही मोजे विणायचो. पेपरात पुन्हा रणगाडे आणि विमानं. मी रोज तोफ शोधायची. एकदा एका फोटोत मागे, धुरकट, एक नळी दिसली, तेवढीच. लढाई थांबता थांबता त्याच्या घरी बेळगावकडे तार आली आणि तिथून आम्हाला कळलं. तोफांना पुढून मारा सांगत असताना शत्रूच्या तोफमाऱ्यात कामी आला, असं त्यांना कळवलं होतं.

मला रडू आलं नाही. लोकांना वाटलं मी धीराची आहे. मी धीराचीबिराची काही नव्हते. सुन्न झाले होते, बस. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, फळ्यावर समांतर रेषा काढल्या. पोरी टकामका बघत होत्या म्हणून दोघींना उभं केलं. संध्याकाळी घरी आले, भाकऱ्या खाल्ल्या. भाकरीला चव होती, ती मला कळत होती, आणि तेच मला विचित्र वाटत होतं.

त्या वर्षी आमच्याकडे बाहुल्या मांडल्या नाहीत. दुसऱ्यांच्या घरी मात्र अम्मा मला हट्टानं हळदीकुंकवाला न्यायची. तिथे एक नवीनच भानगड झाली होती. कुमारिकेला कुंकू लावायचं, सवाशिणीला लावायचं, विधवेला लावायचं नाही, एवढं बायकांना पाठ होतं. मी कुठल्या खणात बसत होते ते कोणालाच ठरवता येईना. एखादी कुंकवाची बोटं माझ्या कपाळापर्यंत आणायची आणि मधेच थांबायची. मी कपाळ पुढे करून उभी राहायची. बघू तरी काय करते. एका अक्कांनी तर कुंकवाची कोयरीच माझ्या हातात दिली, तूच लावून घे म्हणून. मी लावून घेतलं, चांगलं ठसठशीत. अम्मा घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन रडली.

मला एकच गोष्ट हवी होती. तो कसा गेला ते मला कोणीतरी सांगायला हवं होतं. तारेतल्या शब्दांवर माझा विश्वास नव्हता. का नव्हता ते सांगता येणार नाही, पण गणित चुकलेलं असलं की मला उत्तराकडे बघूनच कळतं. ते सांगू शकणारा माणूस एकच होता. ज्या सेटमधून हा बोलायचा त्याच्या दुसऱ्या टोकाला अण्णा होता.

अण्णा पुढच्या उन्हाळ्यात दोन दिवस येऊन गेला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तारेत लिहिलंय तसंच." आणि पायात चपला घालून बाहेर गेला. लहानपणापासून खोटं बोलला की तो आधी चपला शोधतो.

मग सहासष्टचा दसरा आला. अण्णाला मोठी रजा मिळाली आणि अम्मानं ठरवलं की यंदा बाहुल्या मांडायच्या. पायऱ्या लागल्या, पांढरी चादर अंथरली, तिच्या लग्नातली जुनी राजा-राणीची जोडी वर बसली. माझी नवी जोडी ट्रंकेतच राहिली, तिचं नाव आम्ही कोणी काढलं नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर कलश हवा. जुन्या तांब्याला बुडाशी चीर गेली होती आणि ती सांधायला द्यायची राहिली होती. त्याच सकाळी अम्मा अण्णाचे कपडे धुवायला काढत होती. त्याच्या ट्रंकेत, सदऱ्यांच्या तळाशी, तिला एक पितळेचं भांडं सापडलं. उभट, गोल, जाड बुडाचं, आतून काळवंडलेलं.

"पोरगा सणाला पितळ घेऊन आला आणि सांगितलंसुद्धा नाही," अम्मा म्हणाली.

मी बघितलं आणि ओळखलं. तोफेत आधी गोळा घालतात आणि त्याच्यामागून ही पितळी पुंगळी. पुंगळीत दारूच्या पिशव्या असतात, लांब मारायचं तर जास्त, जवळ मारायचं तर कमी. गोळा उडून जातो, रिकामी पुंगळी मागे पडते. फौजी लोक आठवण म्हणून त्या घरी नेतात, कोणी फुलदाणी करतं, कोणी छत्र्या ठेवतं. हे मी अम्माला सांगितलं. तिला ते ऐकून आनंदच झाला.

"मग आयुधपूजा पण होऊन जाईल. स्वल्प चिंच भिजव."

तिनं नळाशी बसून ती पुंगळी घासली. आतली काजळी काढायला तिला तासभर लागला. मग पाणी भरलं, सुपारी, नाणं, आंब्याची पानं घातली आणि वर नारळ ठेवला. नारळ असा चपखल बसला की तिनं मला हाक मारून दाखवला. अण्णा बाजारातून फुलं घेऊन आला तेव्हा कलशाला हळदीकुंकवाची बोटं ओढून झाली होती.

तो दारात उभा राहिला. अम्मा म्हणाली, "तुझ्या तोफेचंच ना रे हे? शोभतंय बघ."

"सरी," अण्णा बरं म्हणावं तसं म्हणाला आणि फुलं खाली ठेवली. चपला शोधल्या नाहीत.

नवरात्रभर त्यानं रोज आरती केली. बायका यायच्या, गाणी म्हणायच्या, प्रसादाची हरभऱ्याची उसळ पानावर घ्यायच्या. अम्मा प्रत्येकीला कौतुकानं सांगायची, हे आमच्या मुलाच्या तोफेचं पितळ. बायका पुढे होऊन कलशाला कुंकू लावायच्या, त्याला लावताना कोणाचंच बोट अडखळलं नाही. अण्णा ताम्हन फिरवायचा, पण त्याची नजर वरच्या पायरीवर जात नव्हती. मधल्या पायरीवर मातीचा वाणी आणि त्याचं दुकान होतं, तो त्या वाण्याकडे बघत आरती म्हणायचा. माझ्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. मला वाटलं, त्यालाही माझ्यासारखंच झालं असेल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहुल्या काढायच्या. त्याआधी कलशातलं पाणी घरभर शिंपडायचं आणि घरातल्या माणसांच्या डोक्यावर, अशी आमच्याकडची रीत. अम्मानं नारळ उतरवला, आंब्याची पानं पाण्यात बुडवली, चारी कोपऱ्यांत पाणी शिंपडलं. मग ती माझ्याकडे वळली. मी डोकं पुढे केलं.

अण्णानं तिचं मनगट धरलं. "तिच्यावर नको."

"काय?"

"तिच्यावर नको शिंपडू, अम्मा."

अम्माचा चेहराच बदलला. मी तिला तेवढी संतापलेली क्वचितच पाहिली आहे, आणि तरी तिचा आवाज चढला नाही. "बाहेरच्या बायका वर्षभर वागल्या ते मी गिळलं. आता तूही? पाठची बहीण आहे ती तुझी. हिच्या अंगावर देवीचं पाणी पडलं तर काय विटाळेल?"

तिला वाटलं, तो मला अशुभ म्हणतो आहे. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तेच वाटलं. आणि अण्णानं ते आमच्या तोंडांवर वाचलं. तो तसाच राहिला असता तर आम्ही दोघींनी जन्मभर तेच धरून ठेवलं असतं. मला वाटतं म्हणूनच तो बोलला. पाटावर बसला आणि अहवाल द्यावा तसा सपाट आवाजात बोलला.

"हा पुढे एका टेकाडावर होता. त्याच्याबरोबर पायदळाची थोडी माणसं होती. सकाळपासून शत्रू त्याच्या समोरून येत होता आणि तो मला सांगत होता, मी मारत होतो. कमी कर, म्हणायचा. मी कमी करायचो. पुन्हा कमी कर. म्हणजे ते त्याच्याजवळ येत होते. उरलेल्या माणसांना त्यानं मागे पाठवलं. मग त्यानं शेवटचे आकडे दिले. मी नकाशावर बघितलं. ते त्याचंच टेकाड होतं."

अम्मा उभीच होती. पानांवरून पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

"त्या माऱ्यानं त्यांची चाल मोडली. मागची आमची पलटण वाचली. तोफेवरच्या माणसांना एवढंच माहीत. मी रजेवर निघालो तेव्हा हवालदारानं ही पुंगळी दिली. म्हणाला, साहेब, त्या दिवसाची आहे, आठवण ठेवा. नको म्हणता येईना. वाटेत रेल्वेतून टाकून द्यायला म्हणून दोनदा दाराशी गेलो, तेही जमलं नाही."

म्हणजे आता गणित जुळलं. मी एक वर्ष ज्याच्यासाठी थांबले होते ते माझ्यासमोर होतं, घासून लख्ख केलेलं, कुंकू लावलेलं. मला काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. बाहेर भाजीवाली ओरडत होती आणि आज चाकवत आहे का हे तिला विचारायला हवं, असं माझ्या मनात आलं. माणसाचं मन असं असतं, त्याला मी काय करू?

मी अण्णाला विचारलं, "तू काहीच म्हणाला नाहीस त्याला?"

"म्हणालो. हे तर तुझंच टेकाड, आकडे चुकले का, असं विचारलं. सेटवर मराठी बोलायची आम्हाला सक्त मनाई. कधी बोललो नव्हतो. तेव्हा तो मराठीत बोलला."

"काय?"

अण्णा माझ्याकडे बघत नव्हता. मधल्या पायरीवरच्या त्या मातीच्या वाण्याकडे बघत होता.

"फेकणाऱ्यानं विचारायचं नसतं, म्हणाला. मी बघतोय ना."

लालबागेत हेच वाक्य मी माझ्या तोंडानं अण्णापर्यंत पोचवलं होतं. या वेळी मधे मी नव्हते, एवढाच फरक.

मग मी अम्माला म्हणाले, "शिंपड."

"अगं..."

"शिंपड अम्मा. घरभर पडलंय, मग माझ्यावरच का नको?"

अम्मानं पानं झटकली, जरा जास्तच पडलं. केसांतून मानेवर उतरलं. त्याला चिंचेचा वास येत होता. मी पदरानं तोंड पुसलं, पण कपाळ पुसलं नाही.

अण्णा पाटावरून उठून दाराकडे निघाला होता. चपला शोधत होता.

"थांब," मी म्हणाले. आंब्याची पानं मी अम्माच्या हातातून घेतली आणि कलशात बुडवली. "आता तू इकडे ये. वाक."

तो चांगला उंच होता आणि मी बुटकी. त्याला बरंच वाकावं लागलं.